शाळेचा पहिला दिवस आठवतो, मग त्याच्या आधीची वर्षं कुठे गेली?

माझा भाचा तीन वर्षांचा असताना त्यांच्या घरात एकदा कबूतर शिरलं. खिडकीतून आत आलं, कपाटावर बसलं, तिथून उडालं ते थेट फिरत्या पंख्याच्या दिशेने, ताईने धावत जाऊन बटण बंद केलं, भावजी चादर घेऊन त्याच्या मागे, आणि हा टेबलाखाली जाऊन बसला. मी त्यांच्याकडे गेले ते चार-पाच महिन्यांनी, तेव्हा त्याने मला ही सगळी हकिगत सांगितली आणि मी ती मोबाईलवर रेकॉर्ड केली. दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे. हात पसरून दाखवतो की कबूतर एवढ्ढं होतं, मग आवाज एकदम बारीक करून सांगतो की त्याचं एक पीस खाली पडलं आणि ते पडल्यावर पण हलत होतं.

आता तो नऊ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात मी सहज विचारलं, अरे ते कबूतर आठवतं का रे? तर म्हणाला, कुठलं कबूतर? मी पंखा सांगितला, चादर सांगितली, पीस सांगितलं, काहीच नाही. शाळेचा पहिला दिवस विचारला तर मात्र लगेच सुरू झाला, पाण्याच्या बाटलीचा पट्टा तुटला होता, शेजारचा मुलगा बाकावर डोकं ठेवून रडत होता, आणि बाईंच्या हातात जाड काचेचं मोठं घड्याळ होतं. म्हणजे तिसऱ्या वर्षी जे जसंच्या तसं सांगितलं ते पार पुसलं गेलं आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी घडलेलं लख्ख आहे. हे का होतं हे शोधत बसले आणि जे वाचायला मिळालं ते इतकं आवडलं की इथे लिहितेय.

आधी एक करून बघा. तुमची सगळ्यात जुनी आठवण कुठली? डोळे मिटून जितकं मागे जाता येईल तितकं जा. बहुतेकांची गाडी साडेतीन वर्षांच्या आसपास येऊन थांबते, काहींची थोडी आधी, काहींची पाचाच्या पुढे, आणि त्यानंतरच्याही दोन-तीन वर्षांतलं जे आठवतं ते तुटक तुटक असतं, सलग गोष्ट अशी सहा-सात वर्षांनंतरच सुरू होते. याला शैशव-विस्मृती म्हणतात. सिग्मंड फ्रॉइडने १९०५ मध्ये यावर लिहिलं होतं, त्याचं म्हणणं असं की लहानपणच्या नकोशा इच्छा मन स्वतःच दाबून टाकतं. आज हे स्पष्टीकरण फारसं कोणी धरत नाही, पण प्रश्न त्याने अगदी बरोबर पकडला होता. आयुष्यात सगळ्यात जास्त आपण शिकतो ते याच वर्षांत, चालणं, बोलणं, माणसं ओळखणं, कोण आपलं आणि कोण परकं, आणि नेमकी तीच वर्षं आठवत नाहीत.

बरीच वर्षं लोकांना वाटायचं की बाळांना लक्षातच राहत नसावं, म्हणजे मुळात काही नोंदलंच जात नाही तर आठवणार काय. ही समजूत मोडली ती एका आईमुळे. कॅरोलिन रोवी-कोलियर या मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या, साठच्या दशकातली गोष्ट, घरात तान्हं बाळ, आणि अभ्यास पण करायचा. बाळाच्या पाळण्यावर टांगायचं फिरतं खेळणं असतं ना, ज्याला आपल्याकडे चिमणाळं म्हणतात, ते हललं की बाळ खूश असायचं, पण ते सारखं हलवत कोण बसणार? म्हणून त्यांनी ते एका पट्ट्याने बाळाच्या पायालाच बांधून टाकलं. बाळाने लाथ मारली की खेळणं हलणार. थोड्या वेळातच बाळाला हे कळलं आणि ते मुद्दाम लाथा मारायला लागलं.

यातून पुढे त्यांनी आयुष्यभराचं संशोधन उभं केलं. पद्धत साधी. बाळाला हे लाथेचं गणित शिकवायचं, मग काही दिवस जाऊ द्यायचे, मग परत तेच खेळणं वर टांगायचं पण या वेळी पाय बांधायचा नाही. आठवत असेल तर बाळ खेळणं दिसताच लाथा सुरू करेल, नसेल आठवत तर नुसतं बघत बसेल. बोलता न येणाऱ्या माणसाला 'तुला आठवतं का' हे विचारायची याहून सुंदर रीत मला माहीत नाही. उत्तर असं आलं की दोन महिन्यांच्या बाळाला एक-दोन दिवस आठवतं, तीन महिन्यांच्याला साधारण आठवडाभर, सहा महिन्यांच्याला दोन आठवडे. त्याहून मोठ्या बाळांसाठी दांडी दाबली की धावणारी खेळण्यातली आगगाडी वापरली, त्यात दीड वर्षाच्या मुलांना तीन महिने आठवत होतं. आणि समजा बाळ विसरलं, तरी परीक्षेच्या आदल्या दिवशी ते खेळणं नुसतं थोडा वेळ हलताना दाखवलं तर दुसऱ्या दिवशी आठवण परत ताजी. अजून एक बारीक गोष्ट, पाळण्याला आतून लावलेलं कापड बदललं, वेगळ्या नक्षीचं लावलं, तर तेच बाळ गोंधळून जायचं आणि लाथ मारायचं नाही. म्हणजे खेळण्याबरोबर आजूबाजूचं कापडसुद्धा त्या आठवणीत विणलेलं होतं.

तर लक्षात राहतं. मग जातं कुठे?

आठवणी जमा करण्यात मेंदूचा एक छोटा भाग फार महत्त्वाचा आहे, हिप्पोकॅम्पस. आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून हे नाव, कानाच्या वरच्या बाजूला आत, दोन्हीकडे एकेक. याचं महत्त्व जगाला कळलं ते हेन्री मोलेसन या माणसामुळे. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचं ऑपरेशन केलं, त्यात दोन्हीकडच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला, आणि तेव्हापासून २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत नवीन घडलेली जवळजवळ कुठलीच घटना त्याच्या लक्षात राहिली नाही. लहानपणच्या गोष्टी सांगायचा पण पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस विसरायचा. पण ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, रोज, तर दरवेळी 'हे मी पहिल्यांदाच करतोय' असं त्याला वाटायचं आणि तरी हात रोज आधीपेक्षा सफाईदार व्हायचा. म्हणजे घटनांची आठवण वेगळी आणि हाताला लागलेलं वळण वेगळं. लहानपणी शिकलेलं चालणं-बोलणं का जात नाही आणि शिकतानाचे प्रसंग का जातात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उंदरांकडून आलं. टोरांटोमधल्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन या दोघांच्या लॅबने २०१४ मध्ये जे छापलं ते वाचून मी खरंच थोडा वेळ फोन खाली ठेवला. जन्मानंतर हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या पेशी, भराभर तयार होत असतात, लहान वयात खूप, मग वेग कमी कमी होत जातो. आपल्याला वाटेल नवीन पेशी म्हणजे चांगलंच, जास्त लक्षात राहणार. पण नवीन न्यूरॉन येऊन जुन्या जोडण्यांच्या मध्ये घुसतात, आपले धागे जोडतात, आणि त्या नादात आधीची वीण विस्कटते. त्यांनी मोठ्या उंदरांना फिरत्या चाकावर पळवलं (पळण्याने नवीन न्यूरॉन वाढतात) तर ते आधी शिकलेलं विसरले. उलट पिल्लांमध्ये नवीन न्यूरॉन तयार होणं औषधाने कमी केलं तर पिल्लांना एरवीपेक्षा जास्त दिवस आठवलं. मग त्यांनी गिनीपिग घेतले, त्यांची पिल्लं जन्मतःच बरीच तयार असतात, मेंदूची बांधणी आईच्या पोटातच बरीचशी उरकलेली असते, तर ती पिल्लं फारशी विसरतच नाहीत. म्हणजे घर बांधायचं काम चालू असताना त्यात मांडलेलं सामान जागेवर राहत नाही, इतकं साधं आहे ते.

आणि त्याच लॅबने २०१८ मध्ये पुढची पायरी गाठली. पिल्लू असताना एखादी गोष्ट शिकताना जे न्यूरॉन पेटले त्यांच्यावर खूण करून ठेवली, उंदीर मोठा झाला, ती गोष्ट विसरला, मग त्या खूण केलेल्या पेशींवर प्रकाश टाकून त्या परत चेतवल्या, आणि विसरलेली आठवण परत आली. म्हणजे उंदरांमध्ये तरी ती पुसली गेलेली नव्हती, तिच्यापर्यंत जायचा रस्ता बुजला होता.

माणसाच्या बाळांवर असं काही करता येत नाही, करूही नये. पण २०२५ मध्ये येल विद्यापीठातल्या लोकांनी एक फार अवघड काम केलं, चार महिने ते दोन वर्षांच्या २६ बाळांना जागेपणी मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून चित्रं दाखवली. हलतं, रडतं, झोपून जाणारं बाळ आणि स्कॅनरला लागते स्थिरता, त्यामुळे त्या टीमच्या चिकाटीला मनापासून नमस्कार. पहिल्यांदा एखादं चित्र बघताना ज्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जास्त हालचाल झाली, त्या बाळाने नंतर तेच चित्र नव्या चित्राशेजारी दिसल्यावर ओळखीचं असल्यासारखं जास्त वेळ बघितलं, आणि हे ठळकपणे दिसलं ते वर्षाच्या पुढच्या बाळांमध्ये. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मेंदू घटना नोंदायला लागलेला असतो.

आता भाषेकडे येऊ, कारण माझ्या भाच्याचा मामला मला इथे सुटल्यासारखा वाटतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी मुलांसाठी एक जादूचं यंत्र बनवलं. वरून मोठं खेळणं टाकायचं, दांडा फिरवायचा, आवाज होतो, दिवे लागतात, आणि खालून तेच खेळणं छोटं होऊन बाहेर. अडीच-तीन वर्षांची मुलं ही, त्यांना कसलं वेड लागलं असेल विचार करा. त्या वेळी प्रत्येक मुलाला कुठकुठले शब्द येतात याची नोंद करून ठेवली. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत गेले. मुलांना फोटोतून यंत्रातल्या वस्तू ओळखता आल्या, दांडा कसा फिरवायचा तेही हाताने करून दाखवता आलं, म्हणजे आठवण होती. मधल्या काळात शब्द पण भरपूर आलेले होते. पण यंत्राबद्दल बोलताना एकाही मुलाने असा एकही शब्द वापरला नाही जो खेळाच्या दिवशी त्याला येत नव्हता. आठवण ज्या दिवशी पडली त्या दिवशीच्या शब्दांत ती गोठून राहिली, नंतर शिकलेले शब्द तिला लागेनात. सहा वर्षांनी परत विचारलं तेव्हा पाचातल्या जेमतेम एका मुलाला ते यंत्र आठवत होतं.

मग ज्याच्याकडे शब्द होते त्याचं काय? भाच्याकडे तर होते, व्हिडिओच आहे. पॅट्रिशिया बाउअर आणि मरिना लार्किना यांनी अमेरिकेत नेमकं हेच तपासलं. तीन वर्षांच्या मुलांना आयांबरोबर बसवून नुकत्याच घडलेल्या प्रसंगांबद्दल बोलायला लावलं आणि ते सगळं रेकॉर्ड केलं. मग काही मुलांना पाचव्या वर्षी विचारलं, काहींना सहाव्या, असं करत नवव्या वर्षापर्यंत. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले ६० टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते, आणि आठ-नऊ वर्षांच्यांना फक्त ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सात वर्षांपर्यंत बरंचसं शाबूत असतं आणि मग एकदम गळती लागते. मी दोन वर्षं आधी विचारलं असतं तर कदाचित कबूतर अजून तिथेच असतं. हे वाचल्यापासून मला राहून राहून वाटतंय की का नाही विचारलं.

कारण विचारण्याने फरक पडतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. मुलांशी झालेल्या गोष्टींबद्दल बोलायच्या दोन तऱ्हा असतात. एक, 'आपण कुठे गेलो होतो? सांग ना. अरे आठव की. कुठे गेलो होतो?' म्हणजे तोंडी परीक्षाच, एकच उत्तर हवंय, आलं नाही की विषय संपला. दुसरी, 'आपण आगगाडीने गेलो, खिडकीत कोण बसलं होतं रे? तू. आणि मग काय दिसलं तुला? बोगदा! अंधार झाल्यावर काय केलंस?' म्हणजे मूल एक शब्द बोललं की मोठ्याने त्याला दोन जोडायचे, परत त्याच्याकडे द्यायचं, परत जोडायचे. एलेन रीस, रॉबिन फिवुश अशा अनेकांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय आणि ओटागोमधल्याच एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या आया ते लहान असताना दुसऱ्या तऱ्हेने बोलायच्या, त्या मुलांच्या किशोरवयातल्या सगळ्यात जुन्या आठवणी जास्त मागच्या होत्या. न्यूझीलंडमधल्या माओरी समाजात तर मागचं सांगत राहणं, जन्माच्या, घराण्याच्या गोष्टी परत परत सांगणं याला फार मान, आणि २००० साली छापलेल्या अभ्यासात माओरी मोठ्या माणसांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांची निघाली, तर तिथल्याच युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनची. मेंदू सगळ्यांचा सारखाच, पण घरात मागचं किती आणि कसं बोललं जातं त्यावर पहिल्या आठवणीचं वय सरकतं.

पण बोलण्याने आठवण टिकते तशीच तयारही होते. जाँ पियाजे, मुलांच्या विचारांवर ज्यांनी आयुष्य घालवलं ते थोर मानसशास्त्रज्ञ, त्यांना स्वतःची दोन वर्षांची असतानाची एक आठवण स्पष्ट होती. बाबागाडीत बसलेत, पॅरिसमधल्या शाँझेलिझे रस्त्यावर, एक माणूस त्यांना पळवायला बघतोय, दाई आडवी आली आणि तिच्या तोंडावर ओरखडे उठले. दाईला त्यांच्या आईवडिलांनी बक्षीस म्हणून घड्याळ पण दिलं होतं. पियाजे पंधरा वर्षांचे असताना त्या दाईचं पत्र आलं की मी सगळं खोटं सांगितलं होतं, असं काही झालंच नव्हतं, घड्याळ परत करते. लहानपणी घरात ऐकलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यासमोर चित्र होऊन बसली होती. पुढे १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २४ जणांना घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या प्रसंगांमध्ये 'तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास' हा एक बनावट प्रसंग मिसळून दिला, तर सहा जणांना तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. आणि २०१८ मधल्या साडेसहा हजार लोकांच्या पाहणीत ३८ टक्क्यांहून जास्त जणांनी आपली पहिली आठवण दोन वर्षांची किंवा त्याच्याही आतली असल्याचं सांगितलं, बाबागाडीत झोपलोय वगैरे. संशोधकांच्या मते यातल्या बऱ्याच आठवणी फोटो आणि घरातलं बोलणं यांच्यापासून बनलेल्या असणार. यात कोणी खोटं बोलत नाही, हे मला आवर्जून सांगायचंय, सांगणाऱ्याला ते खरंच दिसत असतं.

मग शाळेचा पहिला दिवसच का टिकतो? एक तर तोवर वय चार-पाच-सहा झालेलं, शब्द आलेले, 'मी' कोण ते कळलेलं, हिप्पोकॅम्पसमधली गर्दी ओसरत आलेली. पण बदल हे पण मोठं कारण आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाबद्दल विचारलं तर लोकांच्या आठवणी पहिल्या काही आठवड्यांतच गर्दी करतात, हे डेव्हिड पिलेमर यांनी १९८६ मध्ये दाखवलं होतं, मधले महिने सपाट निघून जातात. नवीन जागा, नवीन माणसं, काय होणार माहीत नाही, अशा वेळी मेंदू बारीक बारीक टिपून ठेवतो, बाईंच्या घड्याळाची काचसुद्धा. धाकट्या भावंडाचा जन्म किंवा स्वतःला हॉस्पिटलमध्ये ठेवलेलं, हे तर काहींना दोन वर्षांचं असतानाचं पण आठवतं, ते पण त्याच जातीचं, घराची घडीच बदललेली असते ना.

तर भाच्याचं. मी त्याला तो जुना व्हिडिओ दाखवला. तीनदा बघितला त्याने, स्वतःचाच बोबडा आवाज ऐकून हसत होता, आणि शेवटी म्हणाला, मावशी, हा मी आहे हे कळतंय पण मला काहीच आठवत नाहीये गं. ठीक आहे म्हटलं.

पंधरा दिवसांनी ताईकडे गेले तेव्हा तो धाकट्या बहिणीला तीच गोष्ट सांगत होता. कपाट, पंखा, चादर, सगळं व्हिडिओतलं. आणि मग म्हणाला, मी टेबलाखाली होतो ना, तेव्हा फरशी गार लागत होती पायाला. हे व्हिडिओत नाहीये. मी घरी येऊन परत दोनदा लावून बघितला, फरशीचा शब्दही नाही त्यात. ताईला विचारलं तर ती म्हणाली, माझं सगळं लक्ष पंख्याकडे होतं, त्याने पायात काही घातलं होतं की नाही ते मला कुठे माहीत.

त्याला मात्र काहीच शंका नव्हती. बहिणीने विचारलं, किती गार? तर त्याने वाकून तळहात जमिनीला टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, याच्यापेक्षा जास्त.